गराजमधला स्विच आणि माझा म्हातारा फ्रिज

प्रमोद, फ्रिज अजून गराजमध्येच आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तू मधेच तोंड घालणार नाहीस.

लोक भेटायला येतात. चहा अर्धा झाला की आवाज खाली आणून विचारतात, "शेवटचं काय बोलला गं?" मी सांगते, "येतो म्हणाला." सगळ्यांचे डोळे भरून येतात. पलीकडच्या गल्लीतल्या जोशीकाकूंनी तर माझे दोन्ही हात धरून ठेवले. येतो म्हणायची तुला सवय होती हे खरं, पण त्या दिवशी तू ते म्हणाला नाहीस. गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत, दारात उभं राहून तू म्हणालास, "शैले, आज संध्याकाळी तो फ्रिज मी काढून टाकणार म्हणजे टाकणार." आणि मी म्हणाले, "हात तर लावून बघ." एकोणीस वर्षांच्या संसारातलं हे आपलं शेवटचं बोलणं. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तुझ्या छातीत कळ आली आणि ती संध्याकाळ झालीच नाही.

सगळे म्हणतात, शैला किती धीराची. डोंबलाचा धीर. राग आहे तो. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच, पण आजवर तू फार तर शेजारच्या खोलीत जायचास. तिथे मला येता यायचं. माझी बाजू पूर्ण ऐकवून, तुला जेवायला बोलावून परत येता यायचं. या वेळी तू असा गेलास की माझी बाजू माझ्या तोंडातच राहिली. ती मी आता इथे मांडणार आहे आणि तू ऐकणार आहेस.

तर तो स्विच. इथे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोतलं हे घर घेतलं तेव्हा तू त्याच्यावर खूश होतास. जुनं, बैठं, लाकडी घर, मागे परसदार, आणि गराजच्या भिंतीवर टेस्ट आणि रिसेट अशी दोन बटणं असलेला हा सेफ्टी स्विच. वीज जराशी जरी भलतीकडे झिरपली तरी तो खटकन पडतो आणि माणूस वाचतो, हे तू मला नवीन जावयाचं कौतुक करावं तसं समजावून सांगितलंस. घर बांधणाऱ्याने मात्र कंजुषी करून एकाच स्विचवर गराज आणि बाथरूम दोन्ही सोपवली होती. स्विच पडला की गराजमधला फ्रिज बंद आणि तुझं दाढीचं मशीनही बंद.

हा उद्योग वसंतात सुरू झाला. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाच सकाळी तरी. तू आरशासमोर, एक गाल झालेला, एक व्हायचा. मशीन गप्प व्हायचं आणि बाथरूममधून हाक यायची, "शैले, गेली!" मी ओले केस टॉवेलात गुंडाळून परसात असायची. तिथून तरातरा गराजमध्ये, रिसेट दाबायचा आणि ओरडायचं, "आली!" बस, सकाळचं आपलं संभाषण एवढंच. रेवा सीरियल खाता खाता म्हणायची, "यू गाईज आर सो वीयर्ड." आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला आई-बाप वेडे वाटले तर तिचं काय चुकलं?

तुझं ठाम मत, दोष माझ्या फ्रिजचा. तो घराबरोबर आलेला, आधीच्या मालकाने न्यायचा कंटाळा केलेला, चालू होताना अख्खा हलणारा. त्यात माझं ओलं खोबरं, पुरणाचे गोळे, आईने पाठवलेली कोल्हापूरची चटणी, गणपतीच्या आधी सगळ्या बायकांनी आणून ठेवलेलं मोदकांचं सारण. "हा म्हातारा तुझा जीव घेईल एक दिवस," तू म्हणायचास. माझं मत तितकंच ठाम, दोष तुझ्या मशीनचा. कॉलेजात घेतलेलं, वायरला दोन ठिकाणी पट्टी गुंडाळलेलं. "फ्रिज दिवसभर चालू असतो, तेव्हा नाही पडत. तू दाढीला उभा राहिलास की पडतो. मग दोष कुणाचा?" यावर तुझं उत्तर, "योगायोग."

तू कोड लिहिणारा, मी लोकांचं कोड तपासणारी. वेगवेगळ्या कंपन्यांत होतो म्हणून लग्न टिकलं. मी म्हणायची, एकेक गोष्ट बंद करून बघू या, शोधू या. तू म्हणायचास, "रिसेट दाबलं की चालतंय ना? मग झालं." ताप आला तरी तू झोपून उठून स्वतःला रिसेट झाल्याचं जाहीर करायचास. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचास, रविवारी बघू. तुझं सगळंच रविवारी. पन्हाळीतली पानं काढायची, रविवारी. कपाटाचं दार नीट करायचं, रविवारी. दिवाळीत कंदिलासाठी काढलेलं बाहेरच्या प्लगचं झाकण परत बसवायचं, तेही रविवारी. आणि रविवार आला की तू दुपारी दोनपर्यंत क्रिकेटच्या वेबसाइटवर.

माझ्या कटकटीला कंटाळून जूनमध्ये तू इलेक्ट्रिशियन बोलावलास, तेवढं श्रेय देते. तो आला दुपारी. त्याने फ्रिज तपासला, बाथरूम तपासली, स्विच नवा बसवला. सगळं ठणठणीत. जाताना तो एवढंच म्हणाला की कुठेतरी पाणी शिरत असेल. तो गेल्यावर तू हसलास. "मेपासून पावसाचा टिपूस नाही. या गावात ऑक्टोबरपर्यंत पाणी फक्त नळाला. शिरणार कुठून, डोंबल?" मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा स्विचही पडला.

मग तू गेलास, आणि स्विच पडायचा थांबला.

हे मी तुला कसं सांगू? घर माणसांनी भरलं होतं. तुझा भाऊ विजय शिकागोहून आला. सांत्वनाला येतानाही तिथल्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांतून दोन पिशव्या भरून भाज्या आणि फरसाण घेऊन आला, कारण या घरात स्वयंपाक कोण करणार याची त्याला काळजी. जोशीकाकू रोज संध्याकाळी यायच्या. सुतकात मी देवापाशी दिवा लावत नव्हते, तुळशीला पाणी घालत नव्हते, तर काकू फुलपात्रातून पाणी घालून जायच्या आणि जाताना रेवाला जबरदस्तीने दोन घास भरवायच्या. त्या सगळ्या दिवसांत स्विच एकदाही पडला नाही. फ्रिज आपला अखंड घरघरत होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, म्हणजे दादाचं मशीनच असणार. ते बंद झालं आणि हे थांबलं."

म्हणजे मी जिंकले होते. प्रमोद, एवढं घाणेरडं जिंकणं माझ्या आयुष्यात दुसरं नाही. रोज सकाळी मी गराजमध्ये जायची, त्या बटणाकडे बघायची, आणि मनात म्हणायची, पड रे मेल्या, एकदा तरी पड. तो पडायचा नाही. तुझ्याबरोबर तोही सुधारला होता आणि मला ते सहन होत नव्हतं.

दिवस झाले. त्या रात्री जेवणं उरकल्यावर भाऊजींनी विषय काढला. ते वाईट बोलले नाहीत, हे तुला सांगायला हवं. तुझ्याहून मऊ बोलतात ते. म्हणाले, "वहिनी, घरांचे भाव आत्ता वर आहेत. विकून टाका. शिकागोला आमच्याजवळ या, नाहीतर पुण्याला आमच्या आईजवळ. शनिवारी एजंट नुसता बघून जाईल. माझं विमान सोमवारी आहे, तोवर काहीतरी ठरवू."

"मला नोकरी आहे, भाऊजी. रेवाची शाळा आहे."

"ते आहे हो. पण एवढं मोठं घर. पन्हाळी, हीटर, बागेचं पाणी. कोण बघणार हे सगळं? दादाला सुद्धा तो साधा स्विच सापडला नाही."

कोल्हापूरहून माझ्या आईचा फोन, तिचंही तेच. बाई माणूस एकटी परदेशात कशाला, ये घरी. सगळ्यांची माया खरी आहे, त्यात खोट नाही. पण मला याच घरात राहायचं आहे, प्रमोद. या घरात मी तुझ्याशी भांडले आहे. बाथरूमच्या दाराशी, चुलीपाशी, गराजमध्ये हातात बॅटरी धरून. पुण्याच्या, कोल्हापूरच्या किंवा शिकागोच्या कुठल्या भिंतीला ते माहीत आहे? तिथे गेले की मी एक बिचारी होणार, दिराघरची किंवा आईकडची. इथे मी शैला आहे. हे मी रात्रभर घोळवलं आणि कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक रडायला लागतात.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सुतक संपलं होतं. भाऊजींनी इतक्या दिवसांची दाढी करायला घेतली, स्वतःच्या नव्या कोऱ्या मशीनने. मी आंघोळ करून, दिवा लावून परसात गेले. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. आणि मागून, बाथरूमच्या खिडकीतून, हाक आली.

"वहिनी, गेली!"

तुम्हा दोघा भावांचा आवाज फोनवर एकच वाटतो हे मला ठाऊक होतं. पण खिडकीतून, ओल्या केसांवर, हातात तांब्या असताना तो असा येईल याची मी तयारी केली नव्हती. शब्दही तोच. तुमच्या घरात लाईट गेली की सगळे तेवढंच ओरडत असणार, लहानपणापासून. मी पायरीवर बसले. उठताच येईना. थोड्या वेळाने भाऊजी एक गाल गुळगुळीत आणि एक पांढरट खुंटांचा अशा अवतारात बाहेर आले आणि मला बघून घाबरले. मी हसत होते की रडत होते, मलाही सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

"बघा, मशीनच," ते म्हणाले. "दाढीचं मशीन लावलं की जातं."

"तुमचं मशीन नवं आहे, भाऊजी."

"मग बाथरूमचा प्लग खराब असेल. इलेक्ट्रिशियनला बोलवतो, शनिवारच्या आत होऊन जाईल. एजंट विचारेल ना."

"कुणाला बोलवायचं नाही," मी म्हणाले. "तो आला होता, दुपारी. दुपारी काही दिसत नाही. हे मी शोधणार. आणि मला सापडलं, तर घराचा विषय तुम्ही परत काढायचा नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि नाही सापडलं तर?"

"तर एजंटला चहा मी करीन."

बोलून बसले खरी. तूच सांग, मी विजेचं काय शिकले होते? पण कोड तरी मला कुठे लिहिता येतं? मला फक्त एवढं येतं की एखादी गोष्ट बिघडते तेव्हा ती बिघडायच्या आधी काय काय घडलं ते बघायचं, आणि मग एकेक करून तेच परत घडवायचं. बावीस माणसांच्या टीममध्ये तुझ्यासारखे दहाजण मला रोज सांगतात, 'माझ्याकडे तर चालतंय.' त्यांना मी सोडत नाही, तर हा स्विच कोण?

गुरुवारी सकाळी मी भाऊजींना दाढी करायची बंदी घातली. फ्रिजची वायर काढली, खोबरं आणि पुरण स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये कोंबलं. गराजमधलं सगळं उपटलं. बाथरूममध्ये रेवाचा रेडिओ लावून ठेवला, म्हणजे स्विच पडला तर गाणं थांबेल. मग माझी रोजची सकाळ केली, नेहमीसारखी. परत आले तर रेडिओ मुका. ना मशीन, ना फ्रिज, आणि स्विच पडलेला.

माझा फ्रिज निर्दोष, प्रमोद. ऐकतोयस ना? निर्दोष. आणि तुझं मशीनही निर्दोष, ते मी मान्य करते, कारण मी तुझ्यासारखी नाही. सहा महिने आपण दोघं एकमेकांच्या वस्तूंवर आळ घेत होतो आणि चोर तिसराच होता. मला इतका आनंद झाला की तुला सांगायला मी वळले. कपाटाच्या त्या न लागणाऱ्या दाराकडे तोंड करून मी म्हणाले, "अरे, फ्रिज नाहीये." मग वायर परत लावली आणि ऑफिसला गेले. गाडीत मात्र सिग्नलला थांबून रडले, मागच्याने हॉर्न वाजवेपर्यंत.

शुक्रवारी भाऊजींना बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं. काम एकच, गाणं थांबलं की ओरडायचं. मी आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये केली. ओरडणं नाही. दिवा लावला, उदबत्ती लावली. नाही. मग तांब्या भरून परसात गेले. तुळशीपाशी उभी राहिले तेव्हाच काहीतरी कळायला लागलं होतं. काकू रोज पाणी घालत होत्या, तेव्हा पडला नाही. पण काकू फुलपात्रातून घालतात, वाकून, मुळाशी, हळू. मी काय करते? मी तांब्या उंच धरून भडाभडा ओतते. तू खिडकीतून बघायचास आणि दर वेळी तोच पाणचट विनोद करायचास, "तुळस आहे शैले, ऊस नाही." आम्ही कोल्हापूरकर, आम्हाला पाणी कमी घालता येत नाही.

मी अर्धा तांब्या घातला. रेडिओवरची बाई गात होती. उरलेला ओतला. पाणी कुंडीच्या काठावरून मागच्या बाजूला गेलं, भिंतीवर.

"वहिनी, गेली!"

या वेळी मी पायरीवर बसले नाही. कुंडी दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली. तिच्या मागे, विटांच्या चौथऱ्याच्या वरच्या कडेशी, भिंतीत बाहेरचा प्लगपॉइंट होता. कंदिलाचा. उघडा, झाकण नसलेला, आतून हिरवट पडलेला, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. हाही त्याच स्विचवर होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता. त्यात काही लावलेलंच नव्हतं, तर त्याचा विचार कोण करणार? इलेक्ट्रिशियनला तो कुंडीमागे दिसला नाही. आणि दुपारपर्यंत तो वाळून खडखडीत व्हायचा.

प्रमोद, आता सगळं तुला सांगते, आणि मधे बोलू नकोस. गेल्या दिवाळीत कंदिलाची ती जाड वायर लावलीस, वरचं झाकण लागेना, म्हणून तू ते झाकणच काढलंस. मी तेव्हाच म्हणाले होते, "परत बसव रे." तू म्हणालास, रविवारी बसवतो. वर छपराची वळचण आहे, म्हणून हिवाळ्याचा पाऊस तिथवर पोचला नाही. एप्रिलमध्ये तुळस घरातून बाहेर काढायची वेळ आली, तर सकाळचं ऊन त्या भिंतीशी चांगलं येतं म्हणून विटा रचून तिला तिथे नेऊन ठेवलंस तूच. दोन्ही हात झटकत म्हणालास, "घे तुझं वृंदावन." आणि त्यानंतर रोज सकाळी मी त्या उघड्या भोकात विजेवर पाणी ओतत होते, आणि आत तू दाढी करत होतास. पाऊस नाही म्हणून पाणी नाही, असं म्हणणारे आपण दोघं शहाणे. या देशात परसात रोज तांब्याभर पाणी ओतणारं माणूस असतं, हे त्या बिचाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या स्वप्नात तरी आलं असतं का? आपल्या तर घरातच होतं.

तो स्विच होता म्हणून मी आहे. माझे पाय ओले, जमीन ओली. तो सारखा पडत होता आणि आपण त्याला शिव्या घालत होतो. हे लक्षात आलं तेव्हा पहिला विचार आला तो तुझा, की हे ऐकून तू किती घाबरला असतास. तुझ्या सगळ्या 'रविवारी'सकट तू माझ्यासाठी भित्रा होतास. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरायचास, शेवटपर्यंत. फ्रिज काढून टाकतो म्हणत होतास तेही त्याचसाठी. म्हातारा तुझा जीव घेईल. शेवटचं बोललास ते माझ्या जिवाबद्दल बोललास, आणि मी म्हटलं, हात तर लावून बघ. असू दे. तुझ्या काळजीचा पत्ता चुकीचा होता, पण काळजी होती.

भाऊजी मागे येऊन उभे होते. वाकून त्या भोकात डोकावले. मग म्हणाले, "दादाला मी एकदा तरी काही पूर्ण करताना बघितलं का, आठवत नाही."

"केलं की," मी म्हणाले. "रेवाला सायकल शिकवली ती पूर्ण शिकवली."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच, ओल्या विटांपाशी उभं राहून एजंटला सांगितलं, शनिवारचं कॅन्सल करा. फोन ठेवून मला म्हणाले, "आईला मी सांगतो. पण वहिनी, एक विचारू? राग येणार नाही ना?"

"विचारा."

"तुळस दुसरीकडे ठेवाल ना?"

"नाही," मी म्हणाले. "तिथे सकाळचं ऊन चांगलं येतं."

आज रविवार. सकाळी आधी ब्रेकर बंद केला, त्या प्लगमध्ये टेबललॅम्प लावून तो पेटत नाही याची खात्री केली, मगच हात घातला. जुना प्लग काढला. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला नवा, बाहेरच्या भिंतीसाठी असतो तसा, बसवला. झाकणही नवं आणणार होते, पण गराजमध्ये पेचकस शोधताना तुझ्या त्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जुनं झाकण सापडलं. स्प्रिंग ठाकठीक, रबर ठाकठीक, आणि त्याचे स्क्रू हरवू नयेत म्हणून पट्टीने झाकणालाच चिकटवलेले. म्हणजे तू खरंच बसवणार होतास. तुझा एखादा तरी रविवार खरा होता म्हणायचा. मला हे दिवाळीतच दाखवलं असतंस तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

ते झाकण मी बसवलं. स्क्रू वाकडा गेला, परत काढला, परत बसवला. भाऊजी मदतीला पुढे आले तर त्यांना म्हटलं, बसा हो, चहा घ्या. रेवा खिडकीतून डोकावली आणि म्हणाली, "मॉम, बाबा वूड बी सो ॲनॉइड." मी म्हटलं, "होऊ दे."

मग शेवटची परीक्षा. मी जे काम करते त्यात एकटं झाकण बसवून भागत नाही, सगळं नेहमीसारखं चालू ठेवून बघावं लागतं. गराजमध्ये फ्रिज चालू केला. तो नेहमीसारखा अख्खा हलला. बाथरूममध्ये तुझं मशीन लावलं, तेच, पट्ट्या गुंडाळलेल्या वायरचं. बटण सरकवल्यावर त्यातून तुझे थोडे केस पडले. मी ते पुसले नाहीत. मशीन तसंच बेसिनच्या कडेला चालू ठेवलं, तांब्या काठोकाठ भरला आणि परसात गेले. कुंडी तिच्या जागी ढकलली आणि माझ्या पद्धतीने, उंचावरून, सगळा तांब्या ओतला. पाणी मागे गेलं, भिंतीवरून, झाकणावरून खाली गेलं. खिडकीतून मशीनचा आवाज येत होता. मी नळावर जाऊन दुसरा तांब्या भरला आणि तोही ओतला. ऊस तर ऊस.

आवाज येतच राहिला. फ्रिज चालू होता. मी ओल्या विटांपाशी उभी राहून हाकेची वाट बघत होते, आणि हाक येणार नाही हे मला माहीत होतं, कारण ती येऊ नये याचीच व्यवस्था मी आठवडाभर खपून केली होती.

तू हरलास, प्रमोद. मीही हरले, पण कमी. फ्रिज जाणार नाही, तुळस हलणार नाही, घर विकलं जाणार नाही, आणि तुझी पन्हाळ मी पुढच्या रविवारी साफ करणार आहे. यावर तुला काही बोलायचं असेल तर ये आणि बोल.

मी आत गेले. मशीन बेसिनवर एकटंच थरथरत होतं, हळूहळू कडेकडे सरकत. मी ते हातात घेतलं. कुणी 'गेली' म्हटलं नव्हतं. तरी बंद करायच्या आधी मी नेहमीसारखं मोठ्याने म्हटलं, "आली."